अध्ययनात अडचण असलेल्या मुलांच्या जीवनाचा दर्जा कसा मोजावा?

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाविषयी घरात, शाळेत आणि शेजारीपाजारी एकच प्रश्न वारंवार विचारला जातो : त्याला किती गुण मिळाले? त्याला रात्री शांत झोप लागते का, खेळताना त्याला कोणी गडी म्हणून घेते का, शाळेची वेळ झाली की त्याच्या पोटात का दुखू लागते, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. गुणपत्रिकेत त्यांना रकाना नसतो. बालवैद्यक आणि मानसशास्त्र या दोन शास्त्रांनी मात्र गेल्या काही दशकांत नेमके हेच प्रश्न पद्धतशीरपणे विचारण्याची साधने विकसित केली आहेत. या साधनांनी काय मोजले जाते, आपल्या महाराष्ट्रात मुंबई येथे झालेल्या अभ्यासांतून काय दिसून आले, आणि मोठ्या शहरापासून दूर असलेल्या भंडारा जिल्ह्यातील करडीसारख्या गावी या माहितीचा पालकांना, शिक्षकांना व धर्मशिक्षकांना काय उपयोग आहे, याचा परिचय या लेखात करून देत आहोत.

तीन वेगळ्या अवस्था

प्रथम शब्दांचा नीट उलगडा करून घेणे आवश्यक आहे. अभ्यासात अडचण असलेल्या सर्व मुलांना आपण एकाच नावाने संबोधतो. ‘मठ्ठ’, ‘ढ’, ‘आळशी’ हे शब्द तर सर्रास वापरले जातात. वास्तविक पाहता येथे निदान तीन वेगळ्या अवस्था आहेत.

पहिली अवस्था विशिष्ट अध्ययन अक्षमतेची. या मुलांची बुद्धिमत्ता सर्वसाधारण किंवा त्याहून अधिक असते, दृष्टी व श्रवण ठीक असते, शाळाही मिळालेली असते; तरीही वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एका वा अधिक कौशल्यांत त्यांना तीव्र अडचण येते. वाचनाच्या अडचणीस डिस्लेक्सिया, लेखनाच्या अडचणीस डिसग्राफिया व गणिताच्या अडचणीस डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपणातून ही अवस्था निर्माण होते. आईवडिलांच्या चुकीमुळे किंवा मुलाच्या आळसामुळे ती येत नाही. ‘तारे जमीं पर’ या २००७ सालच्या हिंदी चित्रपटामुळे तिचे नाव घरोघरी पोहोचले.

दुसरी अवस्था मंद गतीने शिकणाऱ्या मुलांची. यांचा बुद्ध्यंक सर्वसाधारणपेक्षा थोडा कमी, साधारणतः ७१ ते ८४ च्या दरम्यान असतो. सर्वच विषयांत त्यांना अधिक वेळ व अधिक उजळणी लागते. तिसरी अवस्था बौद्धिक अक्षमतेची. तिच्यात शिकण्याबरोबर दैनंदिन व्यवहारातही मुलाला साहाय्याची गरज भासते. या तिन्ही अवस्थांतील मुलांचे शिक्षण वेगवेगळ्या पद्धतीने करावे लागते. मात्र त्यांचे जीवन कसे चालले आहे, हा प्रश्न तिघांच्याही बाबतीत सारखाच लागू पडतो.

‘जीवनाचा दर्जा’ म्हणजे काय?

मराठीत ‘जीवनमान’ म्हटले की उत्पन्न, घर, वाहन असा अर्थ प्रथम मनात येतो. येथे तो अर्थ अभिप्रेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या व्याख्येचा आशय असा आहे की, आपण ज्या संस्कृतीत व मूल्यव्यवस्थेत राहतो तिच्या संदर्भात, आपली ध्येये, अपेक्षा व चिंता लक्षात घेऊन, व्यक्तीला स्वतःच्या जीवनातील स्थितीविषयी जे वाटते तो तिच्या जीवनाचा दर्जा होय. या व्याख्येत दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, येथे त्या व्यक्तीचे स्वतःचे मत प्रमाण आहे. शेजाऱ्याचे किंवा तज्ज्ञाचे नव्हे. दुसरी, ते मत संस्कृतीपासून वेगळे काढता येत नाही. मुंबईच्या उपनगरातील मुलाच्या अपेक्षा आणि वैनगंगेच्या खोऱ्यात धानाच्या बांधीत वाढणाऱ्या मुलाच्या अपेक्षा एकच असतील असे गृहीत धरता येत नाही.

मोजमापाची साधने

मुलांसाठी तयार झालेल्या प्रश्नावल्यांपैकी काही जगभर वापरल्या जातात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॉ. जेम्स वार्नी व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली ‘पेड्सक्यूएल’ ही त्यांतील सर्वांत परिचित होय. तिच्या मूळ गाभ्यात २३ प्रश्न आहेत : शारीरिक क्षमतेविषयी ८, भावनांविषयी ५, सामाजिक संबंधांविषयी ५ आणि शाळेविषयी ५. गेल्या एका महिन्यात अमुक अडचण किती वेळा आली, एवढेच मुलाला विचारले जाते. ५ वर्षांपुढील मूल स्वतः उत्तरे देऊ शकते. ५ ते ७ वर्षांच्या लहानग्यांसाठी हसऱ्या, मध्यम व रडव्या चेहऱ्यांची सोपी मोजपट्टी वापरतात. पालकांसाठी याच प्रश्नांची स्वतंत्र आवृत्ती असते.

‘चाइल्ड हेल्थ क्वेश्चनेअर’ या दुसऱ्या साधनाची ५० प्रश्नांची पालक आवृत्ती आहे. मुलाच्या शरीर-मनाच्या स्थितीबरोबरच आईवडिलांवर पडणारा भावनिक ताण, त्यांच्या वेळेवर येणारी बंधने आणि कुटुंबाच्या एकत्रित कार्यक्रमांत येणारे अडथळे यांचाही तीत विचार केलेला असतो. युरोपात २००१ ते २००४ या काळात १३ देशांनी मिळून ‘किडस्क्रीन’ ही प्रश्नावली तयार केली. तिच्या ५२, २७ व १० प्रश्नांच्या आवृत्त्या ८ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी आहेत. दीर्घकालीन आजार वा अपंगत्व असलेल्या मुलांसाठी ‘डिसॅबकिड्स’ हे भावंड साधनही युरोपातच तयार झाले.

पालकांचे उत्तर आणि मुलाचे उत्तर नेहमी जुळते असे नाही. धावणे, चालणे, अंघोळ करणे अशा डोळ्यांना दिसणाऱ्या बाबतींत दोघांचे बऱ्यापैकी एकमत होते. भीती, दुःख, एकटेपणा अशा आतल्या बाबतींत ते कमी होते. म्हणून शक्य असेल तेथे दोघांनाही विचारावे, असा संकेत आहे. दोघांच्या उत्तरांत तफावत आढळली तर कोणी खोटे बोलत आहे असे समजू नये. मुलाच्या मनातील कोणती गोष्ट घरापर्यंत पोहोचलेली नाही, हे त्या तफावतीवरून कळते.

आकडे कसे वाचावे?

‘पेड्सक्यूएल’च्या पद्धतीने एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अडचण ‘कधीच नाही’ असे उत्तर आल्यास १०० गुण, ‘जवळजवळ कधीच नाही’ यास ७५, ‘कधी कधी’ यास ५०, ‘बऱ्याचदा’ यास २५ आणि ‘जवळजवळ नेहमी’ यास ० गुण देतात. जितके गुण अधिक, तितका जीवनाचा दर्जा चांगला.

समजा, इयत्ता पाचवीतील एका मुलाला शारीरिक विभागाच्या ८ प्रश्नांत एकूण ७५० गुण मिळाले. म्हणजे सरासरी ९३.७५. भावनिक विभागात ५ प्रश्नांत २५० (सरासरी ५०), सामाजिक विभागात २०० (सरासरी ४०) आणि शालेय विभागात १५० (सरासरी ३०) गुण मिळाले. सर्व २३ प्रश्नांची बेरीज १३५० आणि सरासरी ५८.७ होते. हा आकडा पाहून ‘मूल ठीक आहे, थोडे मागे आहे’ असे कोणीही म्हणेल. परंतु शारीरिक विभाग बाजूला ठेवून उरलेल्या १५ प्रश्नांची सरासरी काढली तर ती केवळ ४० येते. मूल धडधाकट आहे, पळते, पोहते. म्हणूनच त्याचे दुःख कोणाच्या लक्षात येत नाही. यास्तव एकूण आकड्यापेक्षा विभागवार आकडे पाहणे अधिक हितकारक ठरते.

हे गुण उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवण्यासाठी नसतात. मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी करण्यासाठीही ते नसतात. त्यांचा खरा उपयोग दोन कामांसाठी होतो : साहाय्य कोठे हवे हे कळण्यासाठी, आणि साहाय्य दिल्यानंतर काही महिन्यांनी पुन्हा विचारून फरक पडला का हे पाहण्यासाठी.

मुंबईतील अभ्यासांनी काय दाखवले?

या विषयावरील आपल्याकडील महत्त्वाचे काम मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक महानगरपालिका वैद्यकीय महाविद्यालयाच्या अध्ययन अक्षमता चिकित्सालयात डॉ. सुनील करंदे व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. मे २००६ ते नोव्हेंबर २००७ या काळात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे नव्याने निदान झालेल्या १५० मुलांच्या पालकांकडून त्यांनी ‘चाइल्ड हेल्थ क्वेश्चनेअर’च्या ५० प्रश्नांची उत्तरे घेतली. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला.

तपासलेल्या १२ विभागांपैकी ९ विभागांत लक्षणीय उणीव आढळली. कौटुंबिक कार्यक्रमांवर येणाऱ्या मर्यादा, आईवडिलांवरील भावनिक ताण, भावनिक व वर्तनविषयक अडचणींमुळे मित्रमंडळीत येणाऱ्या मर्यादा, आईवडिलांच्या वेळेवरील ताण, मुलाचे वर्तन, शारीरिक कार्यक्षमता, प्रकृतीमुळे येणाऱ्या सामाजिक मर्यादा, एकूण आरोग्याविषयीची समजूत आणि मानसिक आरोग्य हे ते नऊ विभाग होत. शारीरिक बाजूपेक्षा मानसिक व सामाजिक बाजूची हानी अधिक होती. लक्षणीय उणीव म्हणजे काय, यासाठी शास्त्रात एक माप ठरलेले आहे : दोन गटांच्या सरासरीतील अंतर त्या गुणांच्या नेहमीच्या चढउताराच्या निदान निम्मे असावे. म्हणजे येथे केवळ चार-दोन गुणांचा किरकोळ फरक नव्हता.

या अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष पालकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. ज्या मुलांना अभ्यासाव्यतिरिक्त आणखी एखादी समस्या होती त्यांची स्थिती अधिक बिकट होती. अवधानातील उणीव व अतिचंचलता असलेल्या मुलांच्या मानसिक-सामाजिक बाजूबाबत तेच आढळले. घरातील पहिले अपत्य असलेल्या मुलांचीही दोन्ही बाजूंची स्थिती इतरांपेक्षा खालावलेली होती. असे का व्हावे याचे उत्तर आकडे देत नाहीत; तथापि थोरल्या मुलावर कुटुंबाच्या अपेक्षांचे ओझे सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त पडते, हे आपल्या घरांत नवीन नाही.

पुढे २०१२ साली डॉ. करंदे यांचा दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १२० मुलांनी ‘डिसॅबकिड्स’ प्रश्नावलीची उत्तरे स्वतः दिली. मुलांच्या स्वतःच्या सांगण्यानुसारही त्यांच्या जीवनाचा दर्जा बरोबरीच्या मुलांपेक्षा कमी होता. म्हणजे ही केवळ चिंताग्रस्त आईवडिलांची समजूत नव्हती. याच गटाने पालकांच्या जीवनाचा दर्जा आणि मातांच्या मनातील चिंता यांचाही अभ्यास केला, कारण निदानाचा कागद हाती पडतो तेव्हा मुलाइतकीच आईही आधाराच्या शोधात असते.

ही मुले शहरातील होती आणि रुग्णालयापर्यंत पोहोचलेली होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तेथील आकडे जसेच्या तसे ग्रामीण भागाला लावता येणार नाहीत. परंतु त्या आकड्यांनी दाखवलेली दिशा स्पष्ट आहे. नऊ विभागांपैकी बहुसंख्य विभाग घर, मैत्री, वर्तन व मन यांचे आहेत. वाचनातील अडचण कमी करण्यासाठी विशेष शिक्षक लागतो आणि वर्षे लागतात. घरातील ताण, सवंगड्यांची चेष्टा, कुटुंबाच्या कार्यक्रमांतून मुलाला वगळणे या गोष्टी मात्र घरातील आणि गावातील माणसांच्या हातात आहेत. त्यांसाठी मुंबईला जावे लागत नाही.

करडीत विचारायचे झाल्यास

करडी हे भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील गाव. धान हे या जिल्ह्याचे मुख्य पीक. परदेशात किंवा महानगरात तयार झालेली प्रश्नावली येथे आणताना तीन बाबींचा विचार करावा लागेल.

पहिली बाब प्रश्नांच्या आशयाची. ‘पेड्सक्यूएल’मध्ये अमेरिकन शहरातील रस्त्यांचा एक चौक ओलांडून पुढे चालता येते का, अशा अर्थाचा प्रश्न आहे. गावातील मुलासाठी तोच प्रश्न वस्तीपासून शाळेपर्यंतच्या किंवा बांधीपर्यंतच्या अंतरावर बेतावा लागेल. म्हणूनच अशा साधनाचे भाषांतर करण्याची ठरलेली रीत आहे : दोन जणांनी स्वतंत्रपणे मराठीत भाषांतर करायचे, तिसऱ्याने ते पुन्हा मूळ भाषेत आणून पडताळायचे, आणि शेवटी काही मुलांना प्रश्न वाचून दाखवून त्यांना त्यातून काय समजले हे विचारायचे. हक्क राखीव असलेली साधने वापरण्यासाठी परवानगीही घ्यावी लागते. शिवाय प्रश्नावली वाचायला देणे हीच वाचनाची अडचण असलेल्या मुलाची पहिली कसोटी ठरू नये. प्रश्न त्याला मोठ्याने, सावकाश आणि एकांतात वाचून दाखवावेत.

दुसरी बाब भाषेची. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या झाडीपट्टीत झाडीबोली बोलली जाते. काही घरांत पोवारी, हिंदी किंवा गोंडी चालते. झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. ‘ळ’चा उच्चारही प्रमाण मराठीसारखा होत नाही. ‘पाणी’ ऐवजी ‘पानी’ लिहिणारे मूल आपल्या घरची भाषा प्रामाणिकपणे लिहीत असते. त्यास अध्ययन अक्षमता म्हणता येत नाही. याउलट, तिसरी-चौथीपर्यंत पुरेसा सराव होऊनही ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत सतत गोंधळ होणे, उच्चारात नंतर येणारी पण लिहिताना आधी काढावी लागणारी पहिली वेलांटी दरवेळी चुकणे, जोडाक्षर किंवा रफार आला की वाचन थांबणे, तोंडी उत्तर अचूक आणि लेखी उत्तर कोरे असणे, ही चिन्हे एकत्र व दीर्घकाळ दिसली तर तपासणी करून घेणे योग्य. बोलीतील फरकालाच आजार समजणे आणि आजाराला बोलीचा फरक समजून दुर्लक्ष करणे, या दोन्ही चुकांनी मुलाचे नुकसान होते.

तिसरी बाब गावातील जीवनक्रमाची. रोवणीच्या हंगामात मूल शाळेत गैरहजर असेल तर ती शाळेची भीती आहे की घरची गरज, हे विचारल्याशिवाय कळत नाही. दिवाळीनंतरच्या मंडईला किंवा दंडार पाहायला सर्व भावंडे गेली आणि गुण कमी पडले म्हणून एकाला घरी ठेवले, तर प्रश्नावलीतील ‘कौटुंबिक कार्यक्रमांवरील मर्यादा’ या रकान्याचा येथील अर्थ तोच होय.

कायदा आणि उपलब्ध साहाय्य

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश नव्हता. महाराष्ट्र शासनाने मात्र १९९६ सालीच अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळ व तत्सम सवलती देण्यास सुरुवात केली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि त्यातील २१ दिव्यांगत्वांच्या यादीत विशिष्ट अध्ययन अक्षमतेला स्थान मिळाले. या कायद्याच्या कलम १६ नुसार शासनमान्य वा अनुदानित शिक्षणसंस्थांनी अशी अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य शैक्षणिक उपाय योजावयाचे आहेत. आपल्या धर्मप्रांतीय व धर्मसंघीय मान्यताप्राप्त शाळांनाही हे लागू होते. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रमाणपत्रासाठी किमान ८ वर्षे वयाची अट ठेवली होती. २०२४ मध्ये सुधारित सूचना निघाल्या. म्हणून अर्ज करण्यापूर्वी जिल्हा सामान्य रुग्णालयात सध्याचे नियम विचारून घ्यावेत. प्रमाणपत्राला वयाची अट असली तरी साहाय्याला ती नसते. मूल सहा-सात वर्षांचे असतानाच अडचण दिसली तर शिकवण्याची पद्धत लगेच बदलता येते.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ च्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. वर्गापुढे उभे करून ‘ढ’ म्हणणे हाही छळच होय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली महाराष्ट्रात पालघर येथून सुरू झाला. त्याची वैद्यकीय पथके अंगणवाड्या व शासकीय शाळांमधून तपासणी करतात आणि तपासावयाच्या अवस्थांत अध्ययनविषयक अडचणींचाही समावेश आहे. समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांविषयी तालुक्याच्या गटसाधन केंद्रात चौकशी करता येते. सर्वप्रथम मुलाचे डोळे व कान तपासून घ्यावेत. फळा नीट न दिसणारे मूलही अभ्यासात मागे पडते आणि त्याला केवळ चष्म्याची गरज असू शकते.

ख्रिस्तसभेची दृष्टी

‘जीवनाचा दर्जा’ हा शब्दप्रयोग ऐकताच काही श्रद्धावंतांच्या मनात शंका उभी राहील आणि ती अनाठायी नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ‘एव्हांजेलियम व्हिते’ (जीवनाचे शुभवर्तमान) या २५ मार्च १९९५ च्या विश्वपत्रात इशारा दिला आहे की, जीवनाचा दर्जा म्हणजे केवळ आर्थिक कार्यक्षमता, उपभोग, देहाचे सौंदर्य व सुख असा अर्थ लावला गेला तर माणसामाणसांतील नाती आणि आध्यात्मिक परिमाण विसरले जाते. अशा मापाने दुर्बलांचे जीवनच कमी मोलाचे ठरवले जाण्याचा धोका असतो.

म्हणून एक भेद स्पष्ट ठेवला पाहिजे. या प्रश्नावल्या मुलाची योग्यता मोजत नाहीत. प्रत्येक मूल देवाच्या प्रतिमेत निर्माण झालेले आहे आणि त्याची प्रतिष्ठा ० ते १०० च्या पट्टीवर कधीच मावणार नाही. मोजला जातो तो मुलाच्या वाट्याला आलेला भार, आणि तो कमी करण्याची जबाबदारी भोवतालच्या मोठ्या माणसांची असते. १९८१ च्या आंतरराष्ट्रीय अपंग वर्षानिमित्त ४ मार्च १९८१ रोजी प्रसृत झालेल्या परमपीठाच्या निवेदनाचा आशयही हाच आहे : समाजाचा आणि संस्कृतीचा दर्जा तिच्यातील सर्वांत दुर्बल घटकांना मिळणाऱ्या आदरावरून ठरतो. या अर्थाने मुलाने भरलेली प्रश्नावली ही त्याच्याभोवतालच्या घराची, शाळेची आणि धर्मग्रामाची गुणपत्रिका असते.

ख्रिस्तसभेच्या इतिहासातही अभ्यासात अडखळलेली माणसे आहेत. संत जॉन मारी व्हियानी (१७८६–१८५९) यांना लॅटिन भाषा जड गेली आणि गुरुदीक्षेचा मार्ग त्यामुळे खडतर झाला. आज ते धर्मगुरूंचे आश्रयदाते संत आहेत. लुर्डची संत बर्नादेत हिचा जन्म ७ जानेवारी १८४४ चा. दारिद्र्य व दम्याचा विकार यांमुळे तिची शाळा राहून गेली. घरात ती स्थानिक बोली बोलत असे आणि धर्मशिक्षण मात्र प्रमाण फ्रेंच भाषेत होते. पाठांतर होत नसल्यामुळे तिला मंदबुद्धी समजण्यात आले. तिचे प्रथम कम्युनियन वयाच्या चौदाव्या वर्षी, ३ जून १८५८ रोजी झाले. ग्रोटोतील मातेने तिच्याशी संवाद साधला तो तिच्या घरच्या बोलीत. या संतांना आजची वैद्यकीय नावे चिकटवण्याचे कारण नाही. पाठांतरावरून श्रद्धेचे माप काढू नये, एवढा बोध त्यांच्या चरित्रातून निश्चित मिळतो.

घरात, शाळेत आणि धर्मग्रामात

नागपूर महाधर्मप्रांत असो वा वसईचा धर्मप्रांत, आपल्या धर्मशिक्षण वर्गांत अशी मुले आहेत. प्रार्थना तोंडपाठ न झाल्याने प्रथम कम्युनियनच्या वर्गात मागे ठेवले जाणे, वाचन येत नाही हे ठाऊक असूनही सर्वांदेखत उतारा वाचायला उभे केले जाणे, असे अनुभव मुलाच्या मनात देवाच्या घराविषयीच भीती निर्माण करतात. ख्रिस्तसभेच्या २०२० च्या धर्मशिक्षण मार्गदर्शिकेने दिव्यांग व्यक्तींना धर्मशिक्षण व संस्कार यांत पूर्ण सहभागी करून घेण्याचा आग्रह धरला आहे. त्या अनुषंगाने पुढील गोष्टी कोणत्याही खर्चाविना करता येण्यासारख्या आहेत.

घरात : आठवड्यातून एकदा मुलाला अभ्यासाव्यतिरिक्त प्रश्न विचारावेत. या आठवड्यात कशाची भीती वाटली? कोणाबरोबर खेळलास? कोणी चिडवले का? झोप लागली का? उत्तर ऐकावे, लगेच उपदेश करू नये. पऱ्हे खोदताना, जनावरे सांभाळताना, गाताना वा दुरुस्तीची कामे करताना मुलाचे जे कौशल्य दिसते त्याचे सर्वांसमक्ष कौतुक करावे. सण, जत्रा व सहकुटुंब प्रार्थना यांतून वगळण्याची शिक्षा कदापि देऊ नये. आईवर पडणारा भार वडिलांनी व आजीआजोबांनी वाटून घ्यावा.

शाळेत : तोंडी उत्तराला मान द्यावा, लिहून घ्यायचा मजकूर कमी करावा, जादा वेळ द्यावा, आणि चिडवण्याचा प्रकार दिसताच तो थांबवावा.

धर्मशिक्षण वर्गात : चित्रे, गीते, नाट्यप्रवेश व कृती यांचा वापर करावा. मुलाच्या घरच्या बोलीत समजावून सांगण्यास संकोच करू नये. पवित्र ख्रिस्तशरीर हे साध्या भाकरीहून वेगळे आहे एवढे ओळखणाऱ्या आणि त्याची ओढ असणाऱ्या मुलाला परीक्षेच्या नावाखाली थांबवून ठेवू नये; शंका असल्यास प्रमुख धर्मगुरूंशी बोलावे. वाचन न जमणाऱ्या मुलाला वेदीसेवा, गायनवृंद, अर्पणयात्रा अशी सन्मानाची सेवा द्यावी.

धर्मग्रामात : पालकांचा छोटा गट महिन्यातून एकदा एकत्र यावा. रुग्णालयातील पहिल्या भेटीला, प्रमाणपत्राच्या कागदपत्रांना एखादा जाणता सोबती बरोबर गेला तरी त्या कुटुंबाचा निम्मा धीर वाढतो.

सहा महिन्यांनी तेच साधे प्रश्न पुन्हा विचारावेत. कदाचित गुणपत्रिकेतील आकडे तेवढेच असतील. परंतु मूल पोटदुखीची तक्रार न करता शाळेत जाऊ लागले असेल, रविवारी मिस्सेनंतर मैदानात त्याला कोणी हाक मारत असेल, तर जे मोजायला हवे होते त्यात वाढ झाली आहे. लहानग्यांना आपल्याजवळ येऊ द्या असे शिष्यांना बजावणाऱ्या प्रभू येशूने त्यांच्या पाठांतराची चौकशी केल्याचे शुभवर्तमानात कोठेही आढळत नाही. त्याच्याच प्रेमाने आपल्या धर्मग्रामातील अशा प्रत्येक मुलाची आपण विचारपूस करू या.